पाटी निघते, बिऱ्हाड राहते

चार जीबीचा व्हिडिओ एका डिस्कवरून दुसरीवर उतरवायला काही मिनिटे जातात, पण तोच व्हिडिओ डिलीट करायला डोळ्याचे पाते लवायचाही वेळ लागत नाही. ही गोष्ट कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते, आणि बहुतेकांनी तिचा कधी विचार केलेला नसतो. डिलीट करणे म्हणजे खरोखर पुसून काढणे असते, तर लिहायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच पुसायलाही लागायला हवा होता. तो लागत नाही, याचा अर्थ कॉम्प्युटर काही पुसतच नाही.

ओळखीपाळखीत कुणाच्याही कॉम्प्युटरचे काही बिनसले की मला फोन येतो, आणि त्यांतले सर्वांत घाबरलेले फोन ‘चुकून डिलीट झाले’ या वाक्याने सुरू होतात. गेलेली फाइल परत मिळेल का, या प्रश्नाला सुरुवातीची काही वर्षे मी सरसकट ‘हो’ म्हणत असे. आता मी आधी दोन उलट प्रश्न विचारतो. फाइल कोणत्या प्रकारच्या डिस्कवर होती, आणि डिलीट झाल्यापासून आतापर्यंत तुम्ही काय काय केले? उत्तर जवळपास संपूर्णपणे या दोन गोष्टींवर अवलंबून असते, आणि त्याचे कारण समजण्यासाठी फाइल डिस्कवर कशी राहते हे थोडे पाहावे लागते.

डिस्क म्हणजे सारख्या आकाराच्या खोल्यांची एक लांबच लांब चाळ समजा. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत अशी एक खोली ४,०९६ बाइटची (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा मावेल एवढी जागा) असते आणि तिला क्लस्टर म्हणतात. १०,००० बाइटचे पत्र तुम्ही जतन केले, तर त्याला तीन खोल्या मिळतात. तिसऱ्या खोलीतली २,२८८ बाइटची जागा रिकामी राहते, पण ती दुसऱ्या फाइलला दिली जात नाही. कोणत्या फाइलचे नाव काय, ती किती मोठी आणि तिने कोणकोणत्या खोल्या व्यापल्या आहेत, याची नोंद एका वेगळ्या वहीत ठेवलेली असते. कोणत्या खोल्या मोकळ्या आहेत, हेही वहीवरूनच ठरते. कॉम्प्युटरला डिस्कवरचे काही शोधायचे असेल तर तो खोल्या धुंडाळत बसत नाही. तो वही उघडतो.

फाइल डिलीट केली की फक्त या वहीत बदल होतो. नोंदीवर ‘आता वापरात नाही’ अशी खूण केली जाते, खोल्या मोकळ्या म्हणून मांडल्या जातात, आणि काम संपते. दारावरची पाटी उतरवलेली असते, पण बिऱ्हाड आत जसेच्या तसे असते. नवा भाडेकरू येऊन त्याच खोलीत आपले सामान लावतो, तेव्हाच आधीचे सामान जाते. तो उद्या येईल की सहा महिन्यांनी, हे कुणाला सांगता येत नाही.

जुन्या फॅट पद्धतीच्या मांडणीत, म्हणजे आजही अनेक पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर जी असते त्या मांडणीत, ही खूण करण्याची रीत मोठी गमतीची आहे. नोंदीतल्या नावाचा पहिला बाइट खोडून त्याच्या जागी २२९ हा आकडा लिहिला जातो. नोंदीतले बाकी सारे, म्हणजे उरलेले नाव, तारीख, आकार आणि सुरुवातीची खोली, बहुधा तसेच राहते. मात्र पुढच्या खोल्यांची साखळी पुसली जाते. १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५.० या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये ‘अनडिलीट’ नावाची आज्ञा होती. ती सापडलेल्या फाइलचे नाव दाखवताना पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवायची आणि ते अक्षर आपल्याला विचारायची, कारण बिचारीला ते ठाऊकच नसायचे.

विंडोज ९५ बरोबर आलेल्या रिसायकल बिनने सामान्य माणसाचा या सगळ्याशी असलेला संबंध तोडला. बिनमध्ये टाकलेली फाइल वर सांगितलेल्या अर्थाने डिलीट झालेलीच नसते. ती त्याच डिस्कवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये नाव बदलून ठेवलेली असते. प्रत्येक फाइलमागे तिथे दोन फाइल तयार होतात. एकीत मूळ मजकूर असतो, आणि दुसरी अगदी छोटी असते, जिच्यात मूळ ठिकाण, आकार आणि टाकल्याची वेळ लिहिलेली असते. ‘रिस्टोअर’ म्हटल्यावर फाइल बरोबर आपल्या जुन्या जागी परत जाते, ती या छोट्या फाइलमुळे. पण हे संरक्षण सगळीकडे मिळत नाही. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावरून डिलीट केलेली फाइल सहसा बिनमध्ये येत नाही, बिनच्या मर्यादेपेक्षा मोठी फाइल कायमची डिलीट करू का असे विंडोज विचारतो आणि आपण सवयीने ‘हो’ म्हणतो, आणि शिफ्ट दाबून डिलीट करणाऱ्यांनी तर बिनचा रस्ता स्वतःहूनच सोडलेला असतो. त्या वर्गात मी कित्येक वर्षे होतो, आणि त्याची किंमतही मोजली आहे. ते पुढे येईलच.

आधी यशाची हकिकत सांगतो. माझ्या मावसबहिणीने एका समारंभाचे तीनशेच्या आसपास फोटो काढले होते. १६ जीबीचे कार्ड कॅमेऱ्यात असतानाच तिने चुकून ‘सर्व फोटो डिलीट करा’ हा पर्याय निवडला. चूक लक्षात येण्याआधी तिने त्याच कार्डावर आणखी काही फोटो काढले. फोनवर मी तिला एवढेच म्हणालो, की कार्ड बाहेर काढ, त्याच्या कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’च्या बाजूला सरकव आणि मी येईपर्यंत ते कशातही घालू नकोस. ती खिट्टी कार्डावर नव्याने काही लिहिण्यापासून कार्ड रीडरला अडवते. नेहमीच्या वापरात ती बोटाने नकळत सरकते आणि नुसता वैताग देते, पण त्या दिवशी तिचे चीज झाले.

घरी गेल्यावर मी आधी संपूर्ण कार्डाची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी प्रत काढली, जिला इमेज म्हणतात, आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवर केले. शोधकामात काही चुकले तरी मूळ कार्ड शाबूत राहावे, एवढाच त्यामागचा हेतू. मग कुतूहल म्हणून ती प्रत हेक्स एडिटरमध्ये उघडली. हा प्रोग्राम फाइलचा अर्थ लावत नाही, फक्त तिच्यातले बाइट एका ओळीत सोळा याप्रमाणे आकड्यांत दाखवतो. बराच वेळ निरर्थक आकडे सरकत राहिले, आणि मग एका ओळीच्या सुरुवातीला २५५, २१६, २५५ असे तीन बाइट सलग दिसले. जेपेग प्रकारचा प्रत्येक फोटो या तीन बाइटांनी सुरू होतो. त्यांच्या पुढच्या दोन-चार ओळींत कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव, मॉडेल आणि फोटो काढल्याची तारीख व वेळ साध्या अक्षरांत वाचता येत होती. वहीच्या हिशेबी ती जागा पूर्ण मोकळी होती, आणि प्रत्यक्षात तिथे एक अख्खा फोटो सेकंदापर्यंतच्या वेळेसकट बसलेला होता.

फाइल परत मिळवणारे प्रोग्राम नेमके हेच करतात, फक्त माणसापेक्षा कितीतरी वेगाने. वही शाबूत असेल तर ते खुणा केलेल्या नोंदी वाचून नावासकट फाइल परत देतात, आणि वहीचा भरवसा नसेल तर सुरुवातीच्या खुणा शोधत एकेक खोली तपासत जातात. मी वापरलेला फोटोरेक हा मोफत प्रोग्राम दुसऱ्या रीतीने चालतो. अशा खुणा बहुतेक प्रकारच्या फाइलींना असतात. झिप फाइलची सुरुवात पी आणि के या दोन रोमन अक्षरांनी होते; ती ही पद्धत तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. वर्डच्या २००७ पासूनच्या फाइली आतून झिपच असल्यामुळे, परत मिळालेल्या ढिगाऱ्यात तुमचा अहवाल एखाद्या वेळी झिप म्हणून पडलेला असतो. अशा वेळी नावाच्या शेवटचे .zip हे शेपूट बदलून .docx करावे आणि वर्डमध्ये उघडून पाहावे. मी हे सांगितल्यावर एका परिचितांनी आधीच फेकून दिलेला ढिगारा पुन्हा शोधायला घेतला होता.

तासाभराने मावसबहिणीचे बरेचसे फोटो मिळाले. दुसऱ्या रीतीत नावे परत येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना अनोळखी आकडी नावे लागली होती, पण फोटोच्या पोटातल्या तारखेवरून ते पुन्हा क्रमाने लावता आले. कॅमेरा सहसा एकामागून एक फोटो सलग खोल्यांत लिहितो, याचा इथे फायदा झाला. साखळी पुसलेली असली तरी पुढची खोली शेजारचीच असेल हा अंदाज खरा ठरला. मात्र चूक झाल्यानंतर काढलेले नवे फोटो कार्डाच्या सुरुवातीच्या खोल्यांत जाऊन बसले होते, आणि समारंभाचे अगदी पहिले फोटो त्यांनी कायमचे नाहीसे केले. एका फोटोचा वरचा अर्धा भाग व्यवस्थित होता आणि खाली नुसता राखाडी पट्टा. भाडेकरू अर्ध्या खोल्यांत शिरला की असे दिसते.

आता अपयशाची हकिकत. माझ्या लॅपटॉपवर जुन्या कौटुंबिक पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतींचे एक फोल्डर होते. आवराआवर करताना ते मी शिफ्ट दाबून डिलीट केले, आणि पाचेक मिनिटांनी लक्षात आले की त्याची दुसरी प्रत म्हणून मी जी समजत होतो, ती अर्धीच उतरलेली होती. घाबरायचे कारण नाही, असे स्वतःला सांगून मी सगळे नियम पाळले आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शोध चालवला. यादी आली तेव्हा मी जिंकल्यासारखा हसलोही, कारण प्रत्येक पत्राचे नाव, तारीख आणि आकार अचूक दिसत होता. मग पहिली फाइल उघडली, ती उघडेना. दुसरी उघडेना. हेक्स एडिटरमध्ये पाहिले तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शून्य, शून्य आणि शून्य. यावेळी पाटी दारावर होती आणि बिऱ्हाड मात्र पार झाडून नेलेले होते.

फरक डिस्कच्या जातीत होता. कॅमेऱ्याच्या कार्डावर किंवा फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर मोकळ्या जागेतला जुना मजकूर सहसा तसाच पडून राहतो, पण लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपांवर मजकूर ठेवणारी डिस्क होती. एसएसडीतल्या फ्लॅश चिपांचा एक मूळ स्वभाव आहे: लिहिलेल्या जागेवर थेट दुसरे काही लिहिता येत नाही, आधी ती जागा कोरी करावी लागते. लिहिणे काही हजार बाइटांच्या छोट्या पानांवर होते, कोरे करणे मात्र शेकडो पानांच्या अख्ख्या गठ्ठ्याचे एकदम करावे लागते, आणि असे कोरे करणेही एका गठ्ठ्याला मर्यादित वेळाच झेपते. त्यामुळे एसएसडीतला नियंत्रक, म्हणजे तिचा आतला कारभार पाहणारी चिप, जुन्या पानाला हात न लावता नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो, जुने पान बाद ठरवतो आणि सगळ्या गठ्ठ्यांची झीज सारखी व्हावी म्हणून मजकूर इकडून तिकडे हलवत राहतो. आता अडचण अशी, की डिलीट करताना बदल फक्त वहीत होतो आणि ती वही वाचणे हे नियंत्रकाचे काम नव्हे. कोणती पाने खरोखर निरुपयोगी झाली हे त्याला कळत नाही, आणि मेलेला मजकूरही तो इमानेइतबारे वाहत बसतो. ड्राइव्ह भरत जातो तसा तो मंद होतो.

यावर निघालेला उपाय म्हणजे ट्रिम नावाची आज्ञा. विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. फाइल डिलीट होताच ऑपरेटिंग सिस्टम एसएसडीला कळवते, की या या जागांची आता गरज नाही. त्यानंतर त्या जागा वाचायला गेले तर बहुतेक एसएसडी शून्येच परत देतात, चिपांमधला मजकूर प्रत्यक्षात थोड्या वेळाने कोरा होणार असला तरी. शिवाय विंडोज सहसा आठवड्यातून एकदा सगळ्या मोकळ्या जागेची यादी पुन्हा पाठवतो. वेगासाठी केलेली ही सोय आपल्या चुकीला माफी देत नाही. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांना ही आज्ञा सहसा पोहोचतच नाही, म्हणून स्वस्तातल्या पेन ड्राइव्हवरचे परत मिळते आणि महागड्या लॅपटॉपवरचे मिळत नाही, असा विचित्र अनुभव येतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कोणती डिस्क आहे हे ठाऊक नसेल, तर विंडोजच्या शोधपट्टीत ‘डिफ्रॅगमेंट’ टाइप करावे. उघडणाऱ्या चौकटीत प्रत्येक ड्राइव्हपुढे ‘हार्ड डिस्क’ किंवा ‘सॉलिड स्टेट’ असे लिहिलेले असते. आणीबाणी यायच्या आधीच हे पाहून ठेवलेले बरे.

फाइल गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे हात थांबवणे. मी हे फोनवर सांगतो तेव्हा समोरच्याला ते टाळाटाळीसारखे वाटते, पण त्यामागे चाळीचाच हिशेब आहे. कॉम्प्युटर नुसता चालू असला तरी डिस्कवर काही ना काही लिहीत असतो, ब्राउझर उघडून ‘डिलीट झालेली फाइल परत कशी मिळवावी’ असे शोधले तरी प्रत्येक पान डिस्कवर उतरते, आणि शोधणारा प्रोग्राम त्याच ड्राइव्हवर बसवला तर तो खुद्द आपल्या फाइलच्याच उरावर जाऊन बसण्याची शक्यता असते. फाइल विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथलीच असेल, तर कॉम्प्युटर बंद करावा आणि डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून शोध घ्यावा. कार्ड किंवा पेन ड्राइव्ह असेल तर तो काढून ठेवावा; त्याला घाई नसते.

एसएसडीच्या बाबतीत मी आता शोधणाऱ्या प्रोग्रामवर फार वेळ घालवत नाही, कारण तेवढ्या वेळात फाइलच्या इतर प्रती धुंडाळणे जास्त फळते. ती कुणाला ईमेलने पाठवली होती का, फोनवर उतरली होती का, विंडोजच्या ‘मागील आवृत्त्या’ या सोयीत तिची जुनी नक्कल आहे का, हे पाहावे. फाइल गूगल ड्राइव्हसारख्या सेवेवर असेल तर तिथल्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते. पण या सेवांविषयी एक गैरसमज सतत आढळतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचे काम दोन्हीकडची स्थिती सारखी ठेवण्याचे आहे, त्यामुळे तुम्ही इकडे डिलीट केलेले ते तिकडेही तितक्याच तत्परतेने डिलीट करते. बॅकअप तोच, जो तुमच्या आत्ताच्या चुकीपासून तुटलेला असतो. माझी पत्रे आता एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि ती डिस्क महिन्यातले एकोणतीस दिवस कपाटात असते.

आतापर्यंत आपण परत मिळवण्याच्या बाजूने पाहिले. जुना कॉम्प्युटर दुसऱ्याला द्यायचा असतो तेव्हा हीच गोष्ट उलटी फिरते, आणि बिऱ्हाड आत राहण्याची सोय आपल्यावरच उलटते. फॉरमॅट केले की झाले, असे बहुतेकांना वाटते. क्विक फॉरमॅट मात्र फक्त नवी कोरी वही घालतो. खोल्यांना तो हातही लावत नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केल्यास प्रत्येक खोलीत शून्ये लिहिली जातात, आणि म्हणूनच त्याला इतका वेळ लागतो.

एकदा शून्ये लिहिणे पुरते का, यावर मतमतांतरे बरीच ऐकू येतात. संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये एका शोधनिबंधात ३५ वेळा वेगवेगळे आकडे लिहिण्याची पद्धत मांडली, आणि ती तेव्हापासून मंत्रासारखी पाठ केली जाते. ते ३५ फेरे वेगवेगळ्या जुन्या प्रकारच्या डिस्कसाठी मिळून होते. एकाच डिस्कला सगळ्यांची गरज नाही, असे पुढे त्यांनीच स्पष्ट केले. अमेरिकेतील एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१४ च्या सूचनांनुसार तबकड्यांच्या डिस्कवर एकदा शून्ये लिहिली तरी प्रयोगशाळेतल्या अद्ययावत साधनांनाही मजकूर परत मिळवणे सहसा अवघड जाते. एक टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने भरायची म्हटली तर एका फेरीला पावणेदोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि ३५ फेऱ्यांना जवळपास पावणेतीन दिवस. ही पद्धत सुचवणाऱ्यांनी ती स्वतः किती वेळा पार पाडली असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

एसएसडीवर मात्र एखादी ठरावीक फाइल निवडून तिच्यावर आकडे लिहिणे भरवशाचे नाही, कारण नियंत्रक ते आकडे दुसऱ्याच पानावर लिहितो आणि जुने पान कुठेतरी तसेच राहू शकते. इथे उपयोगी पडते ते एन्क्रिप्शन. सगळा मजकूर पहिल्यापासून कुलूपबंद रूपातच लिहिलेला असेल, तर फक्त किल्ली नष्ट केली की उरलेल्या पानांतून कुणाला काही अर्थ लागत नाही. अलीकडच्या फोनमध्ये मजकूर असाच ठेवला जातो, आणि म्हणून फॅक्टरी रीसेट काही मिनिटांत होऊनही तो पुरेसा असतो.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर हे एन्क्रिप्शन चालू करताना मध्येच एक प्रश्न येतो. फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की संपूर्ण ड्राइव्ह, असे तो विचारतो. पहिला पर्याय जलद आहे आणि नव्या कॉम्प्युटरसाठी सुचवलेला असतो, दुसरा सावकाश आहे आणि आधीपासून वापरात असलेल्या कॉम्प्युटरसाठी. बहुतेक लोक तो न वाचता जलद पर्यायावर टिचकी मारून पुढे जातात. पण नव्या कॉम्प्युटरच्या मोकळ्या खोल्यांत कधी कुणी राहिलेले नसते, आणि वापरलेल्या कॉम्प्युटरवर वही ज्या जागेला मोकळी म्हणते, तिथे पाट्या उतरवलेली जुनी बिऱ्हाडे असू शकतात. पहिला पर्याय निवडला, तर ती कुलपाबाहेर राहतात.